वापरलेल्या पाण्याची वाट

भांडी घासून झाली, कपडे धुऊन झाले, स्नान आटोपले, की मोरीतले पाणी दिसेनासे होते आणि त्याबरोबरच ते आपल्या मनातूनही जाते. नळाला एक दिवस पाणी आले नाही तर सारे घर अस्वस्थ होते; परंतु मोरीतून गेलेले पाणी पुढे कोठे गेले, याची चौकशी क्वचितच कोणी करतो. ती चौकशी आपण या पाठात करणार आहोत आणि त्यासाठी पुणे जिल्ह्यातील महाळुंगे या गावापासून आरंभ करणार आहोत.

पुणे जिल्ह्यात या नावाची दोन गावे प्रसिद्ध आहेत. एक मुळेच्या काठचे, बालेवाडीलगतचे. दुसरे खेड तालुक्यातील, चाकणजवळचे, ज्यास महाळुंगे इंगळे असेही म्हणतात. आपला विचार या दुसऱ्या गावाचा आहे. चाकणचे नाव काढले की इतिहासाच्या अभ्यासकास संग्रामदुर्ग आणि १६६० साली तो शर्थीने लढविणारा फिरंगोजी नरसाळा आठवतो, तर शेतकऱ्यास कांदा-बटाट्याची पेठ आठवते. महाळुंगे हे याच परिसरातील, शेतीवर जगणारे एक गाव होते. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ साली झाली. या महामंडळाने पुढे चाकणच्या परिसरात औद्योगिक वसाहत उभारली आणि विसाव्या शतकाच्या अखेरीपासून महाळुंगे, निघोजे, खराबवाडी, खालुंब्रे, कुरुळी या गावांच्या माळांवर मोटारी, दुचाकी वाहने व त्यांचे सुटे भाग बनविणारे कारखाने एकामागून एक उभे राहिले. कारखान्यांमागोमाग कामकरी माणसे आली. माणसांमागोमाग खोल्या, चाळी, इमारती आणि खाणावळी आल्या. पूर्वी घरामागच्या परसात केळीच्या बुडाशी सांडपाणी सोडीत आणि ते तेथेच जिरून जाई. एका घराच्या पाण्याला एक केळ पुरी पडे. शेकडो बिऱ्हाडांच्या पाण्याला ती कशी पुरावी?

आता या पाण्याची वाट पाहू. महाळुंग्याच्या पश्चिमेस अरबी समुद्र आहे. सरळ रेषेत मोजले तर अंतर सुमारे शंभर किलोमीटर भरेल. परंतु मध्ये सह्याद्री उभा आहे. म्हणून येथले पाणी त्या समुद्राकडे न जाता उताराने दक्षिणेस इंद्रायणीकडे जाते. इंद्रायणी लोणावळ्याजवळ कुरवंडे येथे उगम पावते आणि देहू व आळंदी या क्षेत्रांवरून वाहत तुळापूर येथे भीमेस मिळते. भीमा उजनीच्या विस्तीर्ण जलाशयात शिरते, तेथून निघून पंढरपुरास पोचते व तेथे चंद्रभागा म्हणवून घेते. पुढे कर्नाटकात रायचूरजवळ ती कृष्णेस मिळते आणि कृष्णा आंध्र प्रदेशात हंसलदीवी येथे बंगालच्या उपसागरास भेटते. हा प्रवास हजार किलोमीटरांहून अधिक आहे. माउलींची पालखी ज्येष्ठ महिन्यात आळंदीहून निघून आषाढी एकादशीस पंढरपुरी पोचते, हे तुम्हांस ठाऊक आहे. त्याच दोन क्षेत्रांना जोडणारी पाण्याची ही दुसरी वाट आहे आणि तिच्यावरचा प्रवास वर्षाचे बारा महिने चालू असतो. जे आपण महाळुंग्यात पाण्याबरोबर सोडून देतो, ते या वाटेवर कोणाच्या तरी घाटावर, कोणाच्या तरी शेतात, कोणाच्या तरी जाळ्यात जाऊन पोचते.

पूर्वीही गावे होती, पूर्वीही लोक स्नान करीत व कपडे धूत. मग नद्या तेव्हा का नासल्या नाहीत? याचे कारण असे, की वाहत्या नदीच्या अंगी स्वतःला शुद्ध करून घेण्याची शक्ती असते. ही शक्ती गूढ नाही. नदीच्या पाण्यात डोळ्यांना न दिसणारे असंख्य सूक्ष्म जंतू असतात. अन्नाचे कण, तेलाचा अंश, मैला, पालापाचोळा हे सर्व त्यांचे भक्ष्य होय. ते खाऊन हे जंतू त्याचे निरुपद्रवी पदार्थांत रूपांतर करतात. मात्र आपल्याप्रमाणेच या जंतूंनाही श्वसनासाठी प्राणवायू लागतो आणि तो त्यांना पाण्यात विरघळलेल्या साठ्यातून घ्यावा लागतो. हा साठा फार थोडा असतो. एक लीटर हवेत अडीचशे मिलिग्रॅमहून अधिक प्राणवायू असतो. एक लीटर पाण्यात तो आपल्या हवामानात सुमारे आठ मिलिग्रॅमच मावतो. याच आठ मिलिग्रॅमवर मासे, खेकडे, शिंपले आणि जंतू या सर्वांना गुजराण करावयाची असते. दगडांवरून खळाळत वाहताना पाणी हवेतून नवा प्राणवायू घेते, परंतु त्याला वेळ लागतो.

एक साधे गणित करून पाहू. दहा हजार वस्तीचे एखादे गाव घ्या. माणशी रोज १३५ लीटर पाणी वापरले जाते असे धरले, तर त्याचे सुमारे चार पंचमांश, म्हणजे १०८ लीटर, सांडपाणी होऊन बाहेर पडते. साऱ्या गावाचे मिळून ते १० लाख ८० हजार लीटर झाले. घरगुती सांडपाण्याच्या एका लीटरमधील घाणीचा फडशा पाडण्यास जंतूंना साधारणतः २५० मिलिग्रॅम प्राणवायू लागतो. नदीच्या पाण्यात लीटरमागे आठ मिलिग्रॅम प्राणवायू आहे. मासे जगावयाचे असतील तर त्यांपैकी निदान चार शिल्लक राहिले पाहिजेत. तेव्हा खर्चास उरले चार. आता २५० ला ४ ने भागा. एका लीटर सांडपाण्यासाठी नदीचे साडेबासष्ट लीटर स्वच्छ पाणी खर्ची पडते, आणि आपल्या या एका गावासाठी रोज ६ कोटी ७५ लाख लीटर! पावसाळ्यात इंद्रायणी दुथडी वाहते तेव्हा एवढे पाणी तिला जड नाही. परंतु उन्हाळ्यात काय होते ते पाहा. नदीचा ओघ आटलेला असतो. कोमट झालेल्या पाण्यात प्राणवायू आणखी कमी मावतो. आणि उष्णतेने जंतूंची भूक मात्र वाढलेली असते. तिन्ही संकटे एकाच वेळी येतात. त्यात नदीच्या दोन्ही तीरांवर एकच गाव नसून गावांची व शहरांची रांगच लागलेली असते.

प्राणवायू संपला म्हणजे जंतूंचे काम थांबते असे नाही. ते दुसऱ्या जातीच्या जंतूंच्या हाती जाते. प्राणवायूवाचून जगणारे हे जंतू घाण कुजवितात खरे, परंतु त्या क्रियेत सडक्या अंड्याच्या वासाचा विषारी वायू निर्माण होतो आणि तळाचा गाळ काळा पडतो. काळे पाणी व तो वास ही दोन चिन्हे दिसली, की तेथे प्राणवायू उरलेला नाही असे खुशाल समजावे.

सांडपाण्याला लागणाऱ्या प्राणवायूचे हे माप शास्त्रज्ञांनी कसे ठरविले, ही हकीकत मनोरंजक आहे. पाण्याचा नमुना बाटलीत घालून, बूच घट्ट लावून, अंधारात ठराविक उष्णतामानात ठेवावयाचा आणि आरंभी किती प्राणवायू होता व काही दिवसांनी किती उरला हे मोजावयाचे, अशी ही कसोटी आहे. सांडपाण्याच्या प्रश्नासाठी ब्रिटनमध्ये १८९८ साली नेमलेल्या शाही आयोगाने ती रूढ केली. तेथे बाटली पाच दिवस ठेवीत. पाचच दिवस का? त्या देशातील नद्या आखूड असून त्यांचे पाणी तेवढ्या अवधीत समुद्रास मिळते, म्हणून, असे सांगतात. भारतात आता हीच कसोटी २७ अंश उष्णतामानात तीन दिवस घेतात, कारण आपल्या उष्ण हवेत जंतू लवकर काम उरकतात. परंतु येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. आपल्या इंद्रायणीचे पाणी पाच दिवसांत समुद्रास मिळत नाही. ते बंधाऱ्यांमागे अडते, उजनीत महिनोन् महिने राहते. इंग्लंडातल्या नद्या आपली घाण समुद्राच्या स्वाधीन करून मोकळ्या होत. आपल्या नद्यांना ती सोय नाही.

तेव्हा नदीत घडणारे काम नदीत पाणी सोडण्यापूर्वीच करून घ्यावे, हा उपाय निघाला. या कामी मँचेस्टर शहरातील एडवर्ड आर्डर्न आणि विल्यम लॉकेट या दोघा रसायनशास्त्रज्ञांनी केलेला प्रयोग अत्यंत साधा आणि तितकाच महत्त्वाचा आहे. त्यांनी बाटलीत सांडपाणी घेऊन त्यात सतत हवा सोडली. पहिल्या खेपेस ते पाणी पूर्णपणे शुद्ध होण्यास सुमारे पाच आठवडे लागले. इतका वेळ कोणत्या शहरास परवडणार? परंतु त्यांनी एक गोष्ट केली, जी त्यापूर्वी प्रयोग करणारे करीत नसत. वरचे निवळलेले पाणी त्यांनी ओतून दिले आणि तळाशी बसलेला तपकिरी गाळ टाकून न देता बाटलीतच ठेवला. त्यावर नवे सांडपाणी घातले व पुन्हा हवा सोडली. या खेपेस वेळ कमी लागला. असे वारंवार करता करता गाळ वाढत गेला आणि वेळ घटत घटत आठवड्यांवरून काही तासांवर आला. ज्यास सर्वजण घाण म्हणून फेकून देत, तो गाळ म्हणजे वस्तुतः भुकेल्या जंतूंची एक प्रचंड फौज होती! हा शोध त्यांनी १९१४ साली जाहीर केला. त्यांना या कामी मार्गदर्शन करणारे गिल्बर्ट फाऊलर पुढे आपल्या देशात आले व बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्यांनी अध्यापन केले. जगातील असंख्य शहरांत आजही सांडपाणी शुद्ध होते ते याच तत्त्वावर.

अशा शुद्धीकरण केंद्रात पाणी प्रथम लोखंडी गजांच्या चाळणीतून जाते. चिंध्या, प्लॅस्टिकच्या पिशव्या, काड्या, निर्माल्य येथे अडते. या चाळणीपाशी काही वेळ उभे राहिले, तर गावाच्या सवयींविषयी जे ज्ञान होते ते कोणत्याही पुस्तकातून व्हावयाचे नाही. पुढच्या कुंडात प्रवाह मंद करतात, त्यामुळे वाळू तळाशी बसते. त्यानंतर मोठ्या कुंडात जड गाळ खाली बसतो व तेलकट साय वर येते. दोन्ही बाजूस काढतात. येथवर झाले ते निवळण. खरे शुद्धीकरण होते ते यापुढच्या वायुमिश्रणाच्या कुंडात. तेथे जंतूंनी भरलेल्या गाळात सांडपाणी मिसळून खालून हवेचे बुडबुडे सोडतात, आणि नदीला जे काम करण्यास अनेक मैलांचा प्रवास लागला असता ते काही तासांत पुरे होते. शेवटच्या कुंडात जंतूंचा गाळ खाली बसतो. त्यातला काही भाग पुन्हा कामावर पाठवितात. वरचे स्वच्छ पाणी क्लोरीन घालून निर्जंतुक करतात. चांगले चाललेल्या केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यास लीटरमागे दहा मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू पुरतो. मघाचे गणित पुन्हा करा: साडेबासष्ट लीटरांच्या जागी आता नदीचे अडीच लीटर पाणी पुरेल. मात्र हवा सोडणारी यंत्रे रात्रंदिवस चालली पाहिजेत. वीज काही तास गेली, की जंतू गुदमरू लागतात. यंत्रे बसविणे हे एकदाचे काम आहे. ती चालू ठेवणे हे रोजचे आहे, आणि पुष्कळ ठिकाणी घोडे पेंड खाते ते येथेच.

मोठ्या शहरास असे केंद्र उभारता येते. पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेची अशी केंद्रे आहेत. परंतु ग्रामपंचायतीच्या गावाने काय करावे? बहुतेक ठिकाणी घराखाली वा इमारतीखाली सेप्टिक टाकी असते. तीत मैला तळाशी बसून कुजतो आणि वरचे पाणी शोषखड्ड्यात जाऊन जमिनीत जिरते. विरळ वस्तीत ही सोय उत्तम आहे, परंतु घरे दाटीने उभी राहिली, की जमीन तरी किती पाणी पिणार? शेजारच्या विहिरीत व कूपनलिकेत ते पाझरू लागते. शिवाय टाकी दोनतीन वर्षांनी उपसावी लागते. उपसणारा टँकर तो गाळ शुद्धीकरण केंद्रात नेऊन रिता करतो की रात्रीच्या अंधारात ओढ्यात सोडून देतो, याकडे गावाचे लक्ष असले पाहिजे. नाहीतर टाकी बांधून साधले काय?

येथे एक धोक्याची सूचना दिली पाहिजे. सेप्टिक टाकीत वा भुयारी गटारात माणसाने कधीही उतरू नये. मघाशी सांगितलेला सडक्या अंड्याच्या वासाचा वायू तेथे साचलेला असतो. तो थोडा असता वास येतो. परंतु फार झाला, की नाकाची वास ओळखण्याची शक्तीच प्रथम नष्ट होते आणि माणूस काही क्षणांत बेशुद्ध पडतो. त्याला काढण्यासाठी दुसरा उतरतो, दुसऱ्यासाठी तिसरा, आणि एकाच टाकीत अनेकांचे प्राण गेल्याच्या बातम्या आपल्या देशात पुनःपुन्हा वाचाव्या लागतात. २०१३ सालच्या कायद्याने संरक्षक साधनांवाचून माणसाकडून हे काम करून घेणे हा गुन्हा ठरविला आहे. यंत्राने होणारे काम यंत्रानेच करावे.

सेप्टिक टाक्यांच्या पुढे जावयाचे असेल, तर लहान गावांना यंत्रे फारशी न लागणारे दोन मार्ग उपलब्ध आहेत. पहिला मार्ग उथळ तळ्यांचा. तळ्यात उन्हाने हिरवे शेवाळ वाढते. शेवाळ जंतूंना प्राणवायू पुरविते, जंतू शेवाळास कर्बवायू पुरवितात, आणि दोघांच्या या देवघेवीत पाणी शुद्ध होते. वीज लागत नाही, परंतु जागा पुष्कळ लागते. नागपूर येथे १९५८ साली स्थापन झालेल्या संस्थेने, जिला पुढे राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, म्हणजेच नीरी, असे नाव मिळाले, अशा तळ्यांचा आपल्या हवामानाच्या दृष्टीने पुष्कळ अभ्यास केला. दुसरा मार्ग वनस्पतींचा. खडी व वाळूने भरलेल्या चरांत कर्दळ, पाणकणीस यांसारख्या झाडांची लागवड करून त्यांच्या मुळांमधून पाणी हळूहळू पाझरवितात. मुळांच्या आश्रयाने जंतू वाढतात. नीरीने विकसित केलेली अशी एक पद्धत फायटोरिड या नावाने ओळखली जाते. परसातल्या केळीच्या आळ्याचेच हे शास्त्रशुद्ध, मोठे रूप आहे असे म्हणावयास हरकत नाही. मात्र ज्या गावात जमिनीला सोन्याचा भाव आला आहे, तेथे कर्दळीसाठी जागा राखून ठेवण्याचा निश्चय आधीच करावा लागतो. सगळी इमारत उभी राहिल्यावर तो करता येत नाही.

हे सर्व झाले घरगुती पाण्याचे. महाळुंग्यासारख्या गावी दुसरे पाणी असते ते कारखान्यांचे, आणि त्याची प्रकृती निराळी असते. लोखंडाचे भाग आम्लात धुतात, त्यांवर जस्ताचा, निकेलचा वा क्रोमियमचा मुलामा देतात, रंग लावतात, यंत्रांना तेल घालतात. अन्नाचा कण जंतू खाऊ शकतात. क्रोमियम त्यांना खाता येत नाही. उलट तेच त्या विषाने मरतात. असे पाणी घरगुती सांडपाण्यात मिसळले, तर ज्या फौजेवर सारी भिस्त तीच गारद होते, आणि एरवी शेतास उत्तम खत होणारा केंद्रातील गाळ खत म्हणून वापरण्याच्या योग्यतेचा राहत नाही. म्हणून कारखान्यातील पाणी कारखान्यातच वेगळे ठेवून त्यावर रासायनिक क्रिया करावी लागते. तेल वर काढून घ्यावयाचे. आम्लाचा प्रभाव चुन्याने नाहीसा करावयाचा. क्रोमियमचे अधिक विषारी रूप आधी कमी विषारी रूपात आणून मग चुन्याच्या योगे गाळासारखे तळाशी बसवावयाचे, अशी ही प्रक्रिया आहे. महाराष्ट्राने पाण्याच्या प्रदूषणास आळा घालण्यासाठी १९६९ साली कायदा केला व १९७० साली प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापिले. साऱ्या देशासाठी असा कायदा १९७४ साली झाला. तेव्हा कायदा आपल्याकडे नवा नाही.

तरीही अलीकडच्या वर्षांत आळंदीच्या बंधाऱ्याखाली इंद्रायणीवर पांढऱ्या फेसाचे थर तरंगताना लोकांनी अनेकदा पाहिले आहेत. दुरून पाहणारास तो कापूस वाटावा. साबणे व धुण्याची रसायने पाण्याचा पृष्ठताण कमी करतात. असे पाणी बंधाऱ्यावरून आदळले, की त्यात हवा कोंडली जाऊन फेस होतो. हे पाणी घरांतून येते तसे कारखान्यांतूनही येते. ते एकट्या महाळुंग्याचे नाही आणि एकट्या आळंदीचेही नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली देशातील प्रदूषित नदीपट्ट्यांची जी यादी प्रसिद्ध केली, तीत ३५१ पट्टे असून त्यांपैकी ५३ महाराष्ट्रातील होते. इंद्रायणीचे नाव त्यांत होते. दर्शनास आलेला वारकरी मात्र त्याच पाण्यात श्रद्धेने स्नान करतो, ओंजळभर तीर्थ म्हणून तोंडात घेतो. त्याच्या या श्रद्धेचे ओझे वरच्या प्रत्येक गावावर आहे.

पाणी अगदी स्वच्छ दिसू लागले तरी त्यात आणखी एक गोष्ट उरते. नत्र आणि स्फुरद ही दोन द्रव्ये साध्या शुद्धीकरणाने पुरती जात नाहीत. शेतात ती खत म्हणून हवीच असतात, परंतु जलाशयात गेली की तेथेही ती खताचेच काम करतात, आणि पीक येते ते शेवाळाचे. भीमेवरील उजनी धरण १९८० साली पुरे झाले. हिवाळ्यात भिगवणच्या बाजूला या जलाशयावर रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात आणि काठच्या अनेक कुटुंबांचा निर्वाह मासेमारीवर चालतो. पुणे, पिंपरी-चिंचवड आणि चाकणकडचे वापरलेले पाणी मुळा-मुठा, इंद्रायणी व भीमा यांच्या वाटेने येथेच येऊन साठते. उन्हाळ्यात पाण्यास हिरवा रंग चढतो. शेवाळ मरून तळाशी कुजले, की प्राणवायू पुन्हा संपू लागतो. जे संकट आपण गावाजवळ टाळले असे वाटते, ते येथे दुसऱ्या वाटेने परत येते. म्हणून उत्तम केंद्रांत नत्र व स्फुरद काढण्याची निराळी व्यवस्था करतात. त्याहून साधा मार्ग म्हणजे असे शुद्ध केलेले पाणी नदीत न सोडता बागांना, झाडांना आणि यंत्रे थंड करण्याच्या कामी वापरावे.

इंद्रायणीचे सगळेच पाणी पूर्वेकडे जाते असे मात्र नाही. तिच्या उगमाकडील काही पाणी लोणावळा, वळवण व शिरवटा येथील तलावांत अडवून टाटांच्या योजनेने घाटाखाली खोपोलीस नेले आहे. तेथे १९१५ सालापासून त्यावर वीज होते. वीज करून झाल्यावर ते पाताळगंगेतून धरमतरच्या खाडीकडे व अरबी समुद्राकडे जाते. एका नदीस असे दोन समुद्र लाभले आहेत! तेव्हा सांडपाणी समुद्रकाठी काय करते, हेही पाहिले पाहिजे.

समुद्र एवढा अफाट, त्यास एका गावाच्या पाण्याचे काय, असा विचार सहज मनात येतो. खोल समुद्राच्या बाबतीत तो काही अंशी खराही आहे. मुंबईत वरळी व वांद्रे येथून सांडपाणी समुद्राखालून बोगद्याने सुमारे साडेतीन किलोमीटर आत नेऊन सोडतात, ते याच विचाराने. पुष्कळ पाण्यात मिसळून ते विरावे ही अपेक्षा. परंतु लहान कोळीवाड्याचे पाणी खोल समुद्रात जात नाही, खाडीत जाते. भरतीचे पाणी ते आत ढकलते, ओहोटीचे पाणी बाहेर ओढते, आणि तीच घाण किनाऱ्याशी कितीतरी वेळा येरझारा घालते. खाऱ्या पाण्यात प्राणवायू गोड्या पाण्यापेक्षा कमी मावतो, आणि समुद्राच्या पाण्यात गंधकाचे क्षार विपुल असल्याने प्राणवायू संपताच तो सडक्या अंड्याचा वायूही अधिक होतो. कोकणातील जांभा दगड सच्छिद्र. शोषखड्ड्यातले पाणी त्यातून विहिरीस लवकर गाठते. तेथे टाकीपेक्षा कोरड्या पद्धतीचे खत-संडास कधी कधी अधिक सोयीचे ठरतात. कणकवलीजवळच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धनांनी मैल्याचे खत करणाऱ्या संडासांचा प्रसार हे आपले जीवितकार्य मानले होते. ज्या काळी या विषयाचे नाव काढणेही लोकांस नकोसे वाटे, त्या काळी स्वतः हातात झाडू घेऊन त्यांनी हे काम केले.

खाडीच्या चिखलात वाढणाऱ्या तिसऱ्या आणि खडकांवरची कालवे यांचा आहार पाणी गाळून मिळविलेला असतो. एकेक कालव दिवसात कित्येक लीटर पाणी आपल्या शरीरातून गाळते आणि त्यातील बारीक कण खाते. पाण्यात मैल्याचे रोगजंतू असतील, तर तेही त्याच्या अंगात साठत जातात. ओहोटीच्या वेळी कोळिणी त्या गोळा करून बाजारात आणतात, तेव्हा दिसण्यात, वासात किंवा चवीत काहीच फरक नसतो. पुष्कळ देशांत अशा ठिकाणची कालवे विक्रीपूर्वी सुमारे दोन दिवस स्वच्छ वाहत्या समुद्रजलाच्या टाकीत ठेवतात. त्या अवधीत ती स्वतःच पाणी गाळीत राहतात आणि अंगातले जंतू बाहेर टाकून देतात. जड धातू मात्र दोन दिवसांत बाहेर पडत नाहीत.